न्यायाधीश मत मागायला येतात

परवा कॅनडातल्या आमच्या गल्लीत अशी थंडी पडली होती की बोललेला शब्द गोठून पायरीवर टणकन पडावा. त्या थंडीत समोरचे निवृत्त न्यायाधीश मत मागायला दारात उभे! जन्मभर निकाल दिलेला माणूस आता निवडणुकीला उभा होता, आणि निम्म्या गल्लीनं त्याला बसल्या जागेवरून हात हलवून वाटेला लावलं होतं.

"अहो, गारठलेत ते, आत घ्या की!" बायको म्हणाली.

ते आत आले आणि वडीलधारं माणूस आल्यावर उठायच्या आपल्या सवयीनं आम्ही सगळे उभे राहिलो. न्यायाधीश थबकले. कोर्टात त्यांच्या पावलासरशी खोलीच्या खोली अशीच उठत असणार. त्यांचा हात आपोआप वर गेला. "बसा," ते म्हणाले, अशा आवाजात की शेजारचं घरसुद्धा खाली बसलं असतं.

मग चहा झाला, पुन्हा झाला. माझ्यासाठी उठणारी माणसं दूर सांगलीला राहिलीत, हे मला उगाच आठवत राहिलं.

निघताना ते दाराशी रेंगाळले. मतदान दुसऱ्याच दिवशी होतं. वाटलं, आता मत मागतील.

"पुन्हा आलो तर चालेल ना?" त्यांनी विचारलं.