दादाची नडगी

आमचा दादा कारखान्यात फिटर. हात चांगला, ते नाकारत नाही. पण शेजाऱ्याच्या पंख्यापासून माझ्या नवऱ्याच्या स्वभावापर्यंत सगळं आपणच सरळ करायचं, ही त्याची जन्माची खोड. कारखान्यात त्याला 'दुरुस्तीवाले' म्हणत.

एकदा कारखान्यात मोटर उचलताना साखळी निसटून ती त्याच्या नडगीवर पडली आणि हाड कातडी फाडून बाहेर आलं. सर्जनबाईंनी जखम धुतली, मेलेलं मांस काढलं, हाडात सळ्या घालून बाहेरून चौकट बसवली. मग पुन्हा आत नेऊन पोटरीचं मांस उघड्या हाडावर फिरवलं, वर मांडीची कातडी लावली.

"हे मांस जगलं तर पाय वाचला," त्यांनी बजावलं. "चौकटीला हात लावायचा नाही."

दादा दिवसभर पायाकडे बघत पडून राहायचा. "पाऊल बाहेर वळलंय. असलं काम मी कधी दिलं नसतं." शेवटी वहिनीला म्हणाला, "माझ्या पिशवीतला दहाचा पाना आण."

"अहो, बाईंना विचारू ना."

"नटबोल्ट मला कळतात की बाईंना?"

लग्नापासून वहिनीला 'नाही' म्हणायची सोय नव्हतीच. तिने पाना आणला. दादाने नट सैल केले, पाऊल हाताने वळवलं, किंचाळला आणि नट पुन्हा आवळले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

मी दवाखान्यात डबा घेऊन गेले तेव्हा वहिनीने रडत सगळं सांगितलं. लावलेलं मांस निळं पडत होतं. मी धावत बाईंना बोलावून आणलं.

"नट कुणी सैल केले?" बाईंनी विचारलं.

दादाने वहिनीकडे बोट केलं. "हिनं. मी झोपलो होतो."

माझा संताप मस्तकात गेला. मी तोंड उघडणार तोच वहिनीने माझं मनगट धरलं. "हो, मीच," ती म्हणाली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "आजारी माणसाशी वाद नको, वन्सं."

मांस काळं पडलं, हाडात पू झाला. पुन्हा पुन्हा धुऊनही उपयोग झाला नाही. पाय गुडघ्याखालून काढला.

भेटायला येणाऱ्यांना दादा अजून सांगतो, "बायकोच्या हातगुणाने पाय गेला." लोक तिच्याकडे बघतात.

परवा आम्ही दोघीच भाजी निवडत होतो. तिसरं कुणी घरात नव्हतं. वहिनी मध्येच थांबली आणि म्हणाली, "मी तेव्हा नट जरा जास्तच सैल केले, नाही का?"