एल्झी टार्पलीचा आत ओढलेला श्वास

एका गुळगुळीत मासिकात एल्झी टार्पलीबद्दल छापून आलं होतं की हा माणूस ‘हार्मोनिकात आपलं दुःख फुंकतो’. लिहिणारा गोरा माणूस नॉर्थ साइडवरून, शहराच्या गोऱ्या वस्तीतून, गाडीनं आला, दोन बिअर प्यायला, फोटो काढून गेला. चौदाव्या रस्त्यावर कुणालाही विचारलं असतं तरी त्याला कळलं असतं की एल्झी फुंकत नाही, ओढतो.

गाण्याच्या पट्टीचा हार्मोनिका तो घेतच नाही. दुसऱ्या पट्टीचा घेतो, म्हणजे कामाचे सगळे सूर श्वास आत घेताना लागतात. आत ओढलेला सूर वाकवता येतो. त्याला रडायला लावता येतं, शिवी द्यायलाही लावता येतं. मायक्रोफोन स्टँडवर ठेवायचा नाही, दोन्ही पंजांच्या ओंजळीत हार्मोनिकाला चिकटवून धरायचा. मग जुन्या अँप्लिफायरमधून जो आवाज येतो तो हार्मोनिकाचा राहत नाही, रात्रपाळीहून आलेल्या माणसाचा वाटतो.

आणि गाणं सुरू करताना एल्झी कधी मोजत नसे. मायक्रोफोनमधून त्याचा एक श्वास ऐकू यायचा, ‘हंऽऽ’ असा आत ओढलेला, आणि त्याच्या टोकाला सगळा बँड एकदम कोसळायचा. नवा माणूस आला की त्याला पहिले चार रविवार नुसता श्वास ऐकायचं काम. लॅव्हॉन गिटारवर आला तेव्हा म्हणाला होता, “पॉप्स, एक-दोन-तीन-चार म्हटलंत तर काय बिघडेल?”

“मोजामोजी बँकेत,” एल्झी म्हणाला. “इथं कान उघडे ठेव.”

अठ्ठावन्न साली त्याच्याकडे दोन गिटार आणि ड्रम एवढंच होतं. बास नव्हता, दुसरा गिटारवाला जाड तारांवर तेच काम काढायचा. तो तुरुंगात गेला तेव्हा बास-गिटार आली. चौऱ्याहत्तरमध्ये दोन सॅक्सोफोन आणले आणि तीन महिन्यांत हाकलले. “त्यांना माझ्याइतकीच हवा लागते,” म्हणाला, “स्टेज तेवढं मोठं नाही.” हाकलायची रीतही ठरलेली होती. गाणं संपलं की एल्झी त्या वाद्याकडे बोट करायचा आणि वाद्यवाला सामान गुंडाळून निघायचा. कुणी वाद घातला नाही. तीस-पस्तीस माणसं अशी गेली. ड्रमवरच्या होझिया ग्रब्जकडे मात्र एकोणतीस वर्षांत ते बोट वळलं नव्हतं.

दिवसा एल्झी फाउंड्रीत साचे फोडायचा. सव्वीस वर्षं. वाळूची धूळ नाकातोंडात. मालकांनी दिलेला मास्क म्हणजे कापडाची चिंधी. फुप्फुसं गेली तेव्हा कंपनीच्या डॉक्टरनं कागदावर लिहिलं की हा माणूस आयुष्यभर तोंडात बाजा घालून बसलाय, त्यानं छाती खराब झाली. आम्ही शेजारीपाजारी भरपाईसाठी चार वेळा त्यांच्या ऑफिसच्या दारात जाऊन बसलो. चारही वेळा पोलिसांनी उठवलं. ते भांडण मी, त्याची शेजारीण, अजून सोडलेलं नाही, पण इथं गोष्ट एल्झीच्या रविवारची आहे.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यापर्यंत वाजवायला एवढी एकच जागा उरली होती. अडुसष्टच्या दंगलीतल्या जाळपोळीत जळालेल्या इमारतीचा मोकळा प्लॉट, त्यावर फळ्यांचं स्टेज, आणि कढईत मासे तळणारी मिस ओझेला. प्लॉट साफ केला तिनं, वीज शेजारच्या न्हाव्याकडून ओढली तिनं, म्हणून शब्दही तिचाच. रविवारी दुपारी दोन ते सहा टार्पलीचा बँड. हा रविवार गेला की बँड गेला. आणि बँड गेला की एल्झी म्हणजे तिसऱ्या मजल्यावर ऑक्सिजनच्या नळकांड्याशेजारी बसलेला म्हातारा. त्यापलीकडे त्याला काही दिसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नाही.

जुलैच्या पहिल्या रविवारी ते घडलं. संथ गाणं मध्यावर आलेलं. लॅव्हॉननं जागा मोकळी सोडली, सगळे थांबले, एल्झीनं एकट्यानं वाजवायचं होतं. त्याला हवा कमी पडली. ओंजळीत मायक्रोफोन होताच. ‘हंऽऽ’ असा आवाज अख्ख्या प्लॉटवर गेला.

होझिया तुटून पडला ना ड्रमवर! एकोणतीस वर्षांची सवय ती. त्याच्या मागून बास, त्याच्या मागून लॅव्हॉन. एल्झी अजून तोंड उघडं ठेवून हवा शोधतोय आणि बँड त्याच्या अंगावरून पुढे निघालाय. त्यानं हात वर करून थांबवलं, पुन्हा धाप लागली, पुन्हा बँड सुरू झाला. नाचणाऱ्या बायका एकमेकींच्या पायावर आल्या. कुणीतरी हसलं.

“कुणी सांगितलं होतं यायला?” एल्झी ओरडला.

“तूच की,” होझिया म्हणाला.

“तो इशारा नव्हता!”

“मग कुठला इशारा आणि कुठला तुझा जीव चाललाय, हे मला कसं कळणार, एल्झी?”

एल्झीनं बोट उचललं. सरळ ड्रमकडे. त्या बोटाचा अर्थ प्लॉटवर सगळ्यांना माहीत होता.

होझियानं काठ्या मांडीवर ठेवल्या आणि जागचा हलला नाही. “काढलंस मला? बरं. पुढचं गाणं कुठलं?”

पुढचं गाणं झालं नाही. सामान बांधताना मिस ओझेला आली, पिठाचे हात कमरेवर. “मिस्टर टार्पली, माझी गिऱ्हाइकं विचारतायत, हे गाणं आहे की अपघात?”

“एक वाईट दिवस होता, मिस ओझेला.”

“जूनमध्येही होता. मे महिन्यातही. मी आंधळी नाही. पुढच्या रविवारी असंच झालं तर मी रेकॉर्ड लावीन. तुमचा मान आहे म्हणून तोंडावर सांगतेय.”

त्या आठवड्यात एल्झीच्या खोलीवर बँडमधले तिघंही जमले. लॅव्हॉन म्हणाला, “पॉप्स, मायक्रोफोन स्टँडवर लावा. श्वास ऐकू जाणार नाही.” एल्झीनं करून पाहिलं. ओंजळीशिवाय तो आवाज डब्यात पडलेल्या माशीसारखा यायला लागला. दोनदा वाजवलं, मग हार्मोनिका खाटेवर टाकला. “हा कोण वाजवतोय?” त्यानं विचारलं. मायक्रोफोन हातात धरला तर धाप ऐकू जाते, नाही धरला तर एल्झी ऐकू येत नाही. शेवटी होझियानं काठ्यांवर मोजायचं ठरलं. एल्झी हो म्हणाला नाही. तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसला.

रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. मी अँप्लिफायरच्या शेजारीच एका खोक्यावर बसले होते, माशाची बशी मांडीवर. होझियानं काठ्या वाजवून मोजलं, मोठ्यानं, आणि एल्झीकडे बघितलंच नाही. बँड निघाला. पहिल्या फेरीत एल्झीनं दोन सूर काढले, असले खोल की पुढच्या बाया “हे बघ, हे बघ!” करून उठल्या. मग मला दिसलं की त्याच्या गळ्याच्या शिरा ताठल्यात आणि नजर माझ्याकडे आहे. माझ्याकडे नव्हती, वायरकडे होती.

तो वाजवता वाजवता मागे सरकला. सूर लावायला वाकावं तसा वाकला आणि अँप्लिफायरमधली मायक्रोफोनची पिन बाहेर ओढली.

सहापर्यंतचे सगळे तास तो स्टेजच्या मध्यभागी उभा होता. ओंजळ तोंडाशी, पंजे उघडतायत, मिटतायत, खांदे हलतायत, डोळे बंद. जवळ बसलेल्या मला नुसती घरघर ऐकू येत होती, बाकी कुणाला तीही नाही. लॅव्हॉनला एका मिनिटात कळलं. त्यानं गिटारवर हार्मोनिकाच्या जागा भरायला सुरुवात केली, वाकवून, रडवून, जमेल तशा. होझिया ड्रमकडे बघत मोजत राहिला. लोक नाचले. ढोसलेल्या एका माणसानं तर स्टेजजवळ येऊन आरोळी ठोकली, “ओढ रे एल्झी, ओढ!” मी ती पिन परत घालू शकले असते. हात पुढे गेला नाही.

सहाला मिस ओझेला आली. कागदात गुंडाळलेला मासा आणि पाव तिनं एल्झीच्या हातात दिला. खूष होती.

“आज कसं सगळं वेळेवर पडलं! पुढच्या रविवारी दोनला या, मिस्टर टार्पली.”

एल्झीला बोलायला वेळ लागला. तोवर होझियानं ड्रम उलटा करून त्याचे पाय काढायला घेतले होते, आमच्याकडे पाठ करून.

“दोनला,” एल्झी म्हणाला.