वर येवा

परळच्या आमच्या चाळीत रस्त्यावरून कुणी हाक मारली, की बाकीचे गॅलरीतून वाकून बोलायचे. तिसऱ्या मजल्यावरची मावशी मात्र खाली उभ्या असलेल्या माणसाशी एकच वाक्य बोलायची, "वर येवा." मग तो पोस्टमन असो, नाहीतर मतं मागायला आलेला उमेदवार. एकदा असाच एक उमेदवार हात जोडून खाली उभा, कार्यकर्ते घोषणा देतायत, आणि ही गॅलरीतून सांगते, "वर येवन बोल. माका खालसून ऐकाक येणा नाय." तो धापा टाकत आला. मावशीने त्याला चहा दिला आणि नळाला पाणी नसल्याची तक्रार गळ्यात घातली. भांडायला येणाऱ्यालाही हाच नियम. वर आल्यावर आधी पाणी, मग चहा, आणि तोवर त्याचा जोर ओसरलेला असायचा.

तिचा दिवसच 'वर'शिवाय पुढे सरकत नसे. "पाणी वर चढला काय?" "दूध वर इला, बघ गो!" "डबो वर ठेव, मुंगे लागतत." आम्ही मुलं तिची नक्कल करायचो. "मावशे, सूर्य वर आला का गो?" असं मी एकदा चिडवलं, तर म्हणाली, "इलो. तुझीच वाट बघता, तू अंथरुणातून कधी वर येतंस ती."

पण तिचं खरं 'वर येवा' होतं ते समोरच्या फुटपाथवरच्या माणसांसाठी. समोर कॅन्सरचं मोठं रुग्णालय. गावोगावची माणसं आजारी माणूस घेऊन यायची, खाट मिळेपर्यंत फुटपाथवर चटई टाकून राहायची. मावशीचा नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, दहा बाय बाराची खोली. त्या खोलीत तिने किती अनोळखी बायांना आंघोळीला गरम पाणी दिलं असेल, देव जाणे. "फुटपाथवर बाईमाणसान लुगडा खंय बदलूचा?" असं ती विचारायची. याचं उत्तर आजवर मला कुणी दिलेलं नाही.

जत गावाकडच्या एका घरची सून अशीच वर आली होती. औषधांनी केस गेलेले, डोक्याला घट्ट फडकं, ताटावर मान घालून बसलेली. मावशीने तिच्या भातावर तूप वाढलं आणि म्हणाली, "मान वर कर आणि जेव. आजारी पडलंस, चोरी नाय केलंस." ती सून आधी रडली आणि मग दोनदा भात मागून जेवली. बरी होऊन गावी गेली, तरी तपासणीला आली की मावशीकडेच उतरायची.

मग चाळ पाडली आणि त्याच जागी टॉवर उभा राहिला. मावशीला सतराव्या मजल्यावर घर मिळालं. तिथून हाक खाली पोचेना, म्हणून ती लिफ्टने खाली जाऊन माणसं घेऊन यायला लागली. वॉचमनने विचारलं, "आई, रिश्तेदार है क्या?" ही म्हणाली, "हां, भैण हाय." दुसऱ्या दिवशी दुसरी बहीण. वॉचमन बिचारा हसून गेट उघडायचा. पण लिफ्टमध्ये फडकं बांधलेल्या बाया दिसायला लागल्या आणि आमच्या सोसायटीचं नाक वर गेलं. इन्फेक्शन होईल म्हणे! कॅन्सर लिफ्टमधून पसरतो हे ज्ञान शिकल्यासवरलेल्या माणसांनी कुठून मिळवलं, हे मला अजून कळलेलं नाही.

सभा बोलावली गेली. बोलायला उठला तो सेक्रेटरी. हा गृहस्थ कोकणातून नोकरीला आला तेव्हा मावशीच्या गॅलरीत झोपायचा, तिच्याच हातचं जेवायचा. तेव्हा "गो मावशे" म्हणणारा आता म्हणाला, "मावशी, तुमचा हेतू चांगला आहे. पण ही आता चाळ नाही. तुमच्या लोकांना तुम्ही खाली लॉबीत भेटा."

"लॉबीत आंघोळ घालू त्यांका?" मावशीने विचारलं.

सगळे हसले. हसले आणि नातेवाईक नसलेल्या कुणालाही गेटच्या आत सोडायचं नाही, असा ठराव मंजूर केला! मी उठून म्हटलं, "अरे, तुला हिने वर घेतलं नसतं तर तू कुठे झोपला असतास?" तो म्हणाला, "पर्सनल होऊ नका." माणुसकीची गोष्ट काढली की ती पर्सनल होते, हेही मला त्या दिवशीच कळलं.

पुढच्याच आठवड्यात जतची सून तपासणीला आली आणि वॉचमनने तिला गेटवर अडवलं. मावशी खाली आली, गेटबाहेर त्या सुनेशेजारी चटईवर बसली आणि तिथेच डबा उघडला. दुपार झाली, ऊन अंगावर आलं. सेक्रेटरी धावत आला. "मावशी, वर चला, लोक बघतायत."

"बघूंदेत. ह्या वर येणा नाय, तर मी पण वर जावचंय नाय."

संध्याकाळी सून गावच्या गाडीला गेली, तेव्हाच मावशी उठली. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी थर्मास आणि भाकऱ्या घेऊन गेटबाहेर. नियम बदलला नाही. "पोटाक घालूक गावता," ती मला म्हणायची, "पण आंघोळीक गरम पाणी खंयसून देव गो?" एवढं बोलून भाकऱ्या वाटायला लागायची. मला ते बघवत नसे.

गेल्या पावसाळ्यात मावशी गेली. सोसायटीने हॉलमध्ये शोकसभा ठेवली, मोठा फोटो, जाड हार. सेक्रेटरी माइकवर गहिवरून सांगत होता, "मावशींचं दार सर्वांसाठी उघडं होतं." मला राहवेना म्हणून मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली गेटबाहेर फुटपाथवरच्या बाया जमल्या होत्या. जतची सूनही होती, डोक्यावर आता केस होते. सगळ्यांच्या हातात फुलं होती, आणि वॉचमन त्यांना हात जोडून सांगत होता की नातेवाईक नसाल तर सोडता येणार नाही.

मी भाषण चालू असताना पुढे गेले आणि फोटो उचलला. "अहो, हे काय करताय?" सेक्रेटरी माइकवरच ओरडला. मी उत्तर दिलं नाही. फोटो छातीशी धरून जिना उतरले, गेटबाहेर गेले आणि त्यांच्या चटईवर मावशीला ठेवलं.