मावसाजींच्या दारातली गाडी

तुमसरात कोणालाही ताप आला, की तो त्याच्या बायकोच्या आधी आमच्या मावसाजींना कळतो आणि मावसाजींच्या मागोमाग सरकारला. माझ्या आईच्या मोठ्या बहिणीचे हे यजमान. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं मेडिकल आहे आणि मेडिकलला लागूनच घर. क्षयाची औषधं कोणाला दिली हे आरोग्य खात्याला कळवणं औषध दुकानदाराला बंधनकारकच असतं. पण बंधन असेल तेवढंच करून थांबले, तर ते मावसाजी कसले! एका विहिरीवरच्या दोन घरांना जुलाब लागले, की मावसाजींचा फोन. एका वर्गातल्या पोरांच्या अंगावर सारखेच पुरळ दिसले, की मावसाजींचा फोन. ते फोनवर इतक्या मोठ्यानं बोलतात, की फोन नसता तरी आवाज आरोग्य केंद्रात पोचला असता. मात्र पेशंटचं नाव सांगायची वेळ आली, की हा माणूस एकदम बदलतो. काउंटर सोडून आत खोक्यांच्या थप्प्यांमागे जातो, भिंतीकडे तोंड करतो आणि हाताच्या ओंजळीत पुटपुटतो. "रोग मोठ्यानं सांगायचा, नाव हळू," हा त्यांचा नियम.

त्यांच्यासोबत चारचौघांत जायची मला फार लाज वाटायची. जयभीम घालायच्या आधी ते समोरच्याला विचारतात, "खोकला कवापासून आहे?" माझ्या चुलतभावाच्या लग्नात आम्ही वरपक्षाकडचे. मुलीच्या गावी पंगत बसायची होती आणि मावसाजी मात्र मांडवामागे पाण्याच्या ड्रमात वाकून बघत होते. आमच्याकडच्या दोघातिघांनी कळ येऊन पोट धरलं, तसा यांनी फोन लावला. मंगल परिणय लागून फोटो सुरू झाले, तेवढ्यात आरोग्य केंद्राची माणसं ब्लीचिंग पावडर घेऊन मांडवात शिरली. मुलीचे काका लालबुंद होऊन मला म्हणाले, "हे कोण लागतात तुमचे?" मी म्हटलं, "मेडिकलवाले आहेत."

खरं तर ते माझे कोण होते, हे मी गावभर सांगायला हवं होतं. आमच्या घरात एकच खोली आणि माणसं भरपूर, बी.ए.ची तिन्ही वर्षं मी त्यांच्या काउंटरमागे स्टुलावर बसून अभ्यास केला. गिऱ्हाईक बोलू लागलं की ते ओरडत, "हळू बोला गा, बीए वाचून राहिला." निकाल लागला तेव्हा माझे बाबा मिलमध्ये होते, पेढे मावसाजींनीच वाटले, प्रत्येकाला "हात धुतले का?" असं विचारून. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर असा हात धुतलेल्या लोकांनी साजरा केला.

आमची गल्ली राईस मिलमध्ये काम करणाऱ्यांची. इथे कोणी खोकू लागलं, की त्याचं कारण आधीच ठरलेलं असतं. "कोंड्याचा आहे, जाते आपोआप." भाताचा कोंडा नाकातोंडात जातो हे खरंच, पण या कोंड्याच्या आड काय काय लपतं ते मावसाजींना ठाऊक होतं. लोक रोगाला भीत नव्हते, आरोग्य केंद्राच्या गाडीला भीत होते. पांढरी गाडी ज्याच्या दारी उभी राहिली, त्याच्या घरचा चहा दुसऱ्या दिवसापासून बंद. म्हणून लोक खोटे पत्ते देत, सिस्टर दिसली की कडी लावून घेत आणि औषध अर्ध्यावर सोडत.

यावर मावसाजींनी उपाय काढला. ड्रायव्हरला सांगितलं, "गाडी माह्या दारी लावत जा. आमच्या घरी तसेबी बारा महिने औषधंच असते." मग गाडी त्यांच्या दारी थांबू लागली आणि पेशंट हातात वाटी घेऊन मागच्या अंगणातून त्यांच्या घरात येऊ लागले. कोणी विचारलं तर विरजण मागायला आलो म्हणायचं. सिस्टर स्वयंपाकघरात बसून त्यांना तपासायची, गोळ्या द्यायची. मावशी वैतागायची. "अवो, गल्लीतल्या अर्ध्या लोकायचं दही माह्याच घरी लागून राहिलं! एखाद्या दिवशी खरंच कोणी विरजण मागाले आलं, तं सिस्टर त्याचं वजन करन." वाटी घेऊन जाणाऱ्यांत माझे बाबाही होते. बाबा जन्मात दही खात नाहीत. आम्ही घरात कोणीच त्यांना काही विचारलं नाही. ते वाटी घेऊन जायचे, रिकामी घेऊन यायचे, आणि आई ती मुकाट्यानं धुवायची.

मावसाजींची मुलगी प्रज्ञा डी.फार्म झालेली, दुकान तीच सांभाळते. साकोलीकडून तिला स्थळ आलं. मुलगा नोकरीचा, समंजस. दोघं फोनवर बोलत आणि बोलणं झालं की प्रज्ञा गिऱ्हाइकांशीसुद्धा हसून बोलायची. फक्त तारीख काढायची राहिली होती. त्यासाठी बैठक बसली. गल्लीतली मोठी माणसं बोलावलेली, पोहे झाले आणि मुलाच्या मामानं घसा साफ केला.

"रागावू नका, पण चौकात ऐकलं म्हणून विचारतो. दवाखान्याची गाडी तुमच्या दारी काहून येत राहते?"

"येते ना," मावसाजी म्हणाले.

"घरी कोणाले काही...?"

"घरी सगळे ठणठणीत आहेत."

"मंग येते कोणासाठी?"

त्या खोलीत वाटीवाली माणसं भिंतीला टेकून बसली होती. एक जण सुपारी निरखून बघू लागला. एकाला बाहेर जाऊन थुंकायची घाई झाली. माझे बाबा बशीतला शेंगदाणा बोटानं इकडून तिकडे सरकवत होते. मी त्यांच्याकडे बघितलं. एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य माझं नव्हतं, बाबांचं होतं. तरी माझ्या चेहऱ्यावरून मावसाजींनी ओळखलं असावं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तो गच्च दाबला आणि ज्यांचा आवाज स्टेशनपर्यंत जातो ते मावसाजी अगदी हळू म्हणाले, "थे नावं माही नाहीत, पाव्हणे. लोकायनं माह्यापाशी ठेवली आहेत."

"म्हणजे काहीतरी आहे," मामा म्हणाला. पाहुणे चहा न घेता उठले. पुढे निरोप आला, की मुलाला एवढ्यात लग्न करायचं नाही.

मी दुकानात गेलो तर प्रज्ञाच मला म्हणाली, "दादा, तू कायले तोंड पाडून बसला? ज्यायले उभ्या गाडीचं भेव वाटते, त्यायच्या घरी मी कसा जल्म काढू?" असं म्हणून ती हसली. मग ती काउंटरची काच पुसू लागली. काच स्वच्छच होती.

त्यानंतर लाजेनं विरजण मागायला कोणी जाईना. बाया मेडिकलसमोरून डोक्यावरचा पदर पुढे ओढून जात. माणसं डोकेदुखीची गोळीसुद्धा दुसऱ्या गल्लीतून आणत. मावसाजींना मोडलेल्या लग्नाचं दुःख असेलच, पण बोलायचे ते दुसरंच. "बीए, लोकायच्या गोळ्या तुटून राहिल्या गा. माह्यापासून तोंड लपवा म्हणा, पण गोळ्या घ्या."

पुढच्या खेपेला गाडी आली ती दिवसाउजेडी, मिल सुटायच्या वेळेला. नेहमीप्रमाणे मावसाजींच्या दाराकडे वळू लागली. बाबा नुकतेच मिलमधून येत होते, भुवयांवर कोंडा तसाच. ते गल्लीच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला.

"इकडं आन गा. माह्या दारी लाव."

ड्रायव्हरनं गोंधळून मावसाजींच्या दुकानाकडे पाहिलं.

"तिकडं काय पाहतं? बिमार मी आहो. टीबी मले आहे."

माझ्या बाबांना मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. दारोदार माणसं उभी राहिली. एवढ्यात मावसाजी दुकानातून धावत आले, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, चेहरा पांढराफटक. त्यांनी बाबांचे दोन्ही हात धरले.

"भाऊ, मी नाही सांगितलं हो कोणाले. पोरीची आन. माह्या तोंडून नाव नाही गेलं."

"मले मालूम आहे," बाबा म्हणाले. "तुम्ही सांगितलं असतं तं पोरीचं लग्न..." त्यांनी मान खाली घातली. दारोदार उभ्या असलेल्या माणसांतल्या काहींनीही घातली.

गाडी आमच्या दारी बराच वेळ उभी होती. सिस्टर पहिल्यांदाच आमच्या घरात आली, तीही पुढच्या दारानं, आईनं तिला चहा दिला. मी उंबऱ्यात उभा होतो. गाडी गल्लीत असूनही समोर मावसाजींचं दार पहिल्यांदाच मोकळं दिसत होतं, शेजारी काउंटरवर प्रज्ञा उभी होती, आणि त्या मोकळ्या दाराकडे मला बघवत नव्हतं.