घारी पाहून ग्लायडर सोडणारे रूपरावजी

पुलगावचे रूपरावजी हवा वाचतात, असं मी गेली एकतीस वर्षं ऐकत आले आहे. सांगणारे मुख्यतः रूपरावजीच. लष्कराच्या डेपोतून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस वर्तमानपत्र वाचताना ओठ हलवतो, पण हवा म्हणे एका नजरेत वाचतो.

आमच्या क्लबात बिनइंजिनाची छोटी विमानं उडवतात, ग्लायडर. दोरीनं ओढून वर सोडायचं आणि मग हातातल्या रिमोटनं, तापून वर चढणाऱ्या हवेत फिरवत ठेवायचं. दहा मिनिटं टिकलं की पूर्ण गुण. अशी हवा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून रूपरावजी खिशातून रुईची, म्हणजे कापसाची, चिमूट काढून उडवतात, नाक वर करून हुंगतात, घिरट्या घालणाऱ्या घारी शोधतात आणि हुकूम देतात, "सोडा! उकळून राह्यली हवा!" की सगळे सोडतात. चौदा मोठी माणसं. त्यात दोन मास्तर आणि एक डॉक्टर.

क्लब आमच्या ह्यांनी काढला. वेळ मोजायचं काम तेव्हापासून माझं, आणि मोजलेली वेळ मी डायरीत लिहिते.

यंदा स्पर्धेचा नियम बदलला. ग्लायडरच्या पोटात काडेपेटीएवढं यंत्र बसवायला परवानगी मिळाली. विमान चढू लागलं की ते उडवणाऱ्याच्या कानात बारीक आवाजात वाजतं, उतरू लागलं की जाड आवाजात. सावंगीला फिजिओथेरपिस्ट असलेली आमच्या क्लबातली अंकिता ते घेऊन आली. क्लबचे अध्यक्ष भैयाजी यांच्या हार्डवेअरच्या दुकानात बैठक झाली. कधी सोडायचं आणि कुठं फिरवायचं ते आता यंत्रावरून ठरवावं, असं भैयाजी म्हणाले.

रूपरावजी उठून उभे राहिले. "काऊन? मी मेलो का?"

"मेले नाही, पण मागच्या वर्षी आपण शेवटून दुसरे आलो."

"ते तुम्ही उशिरा सोडलं म्हनून. वैनीच्या डायऱ्या आना! सारं लिवलेलं आहे त्यात. माह्ये अर्ध्यापेक्षा कमी हुकूम खरे निघाले त मीच ते डबडं लावतो, अन् पुन्हा तोंडातून 'सोडा' काढनार नाई."

मी समोरच बसले होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. एकतीस वर्षांत मी काय लिहिते हे ज्याला एकदाही विचारावंसं वाटलं नाही, त्यानं साक्षीला मात्र माझी डायरी काढली.

तीन दिवस बसून मोजलं. पुढच्या बैठकीत वाचून दाखवलं. "पंधरा फेब्रुवारी दोन हजार नऊ. रूपरावजी म्हणाले, उकळून राह्यली. दोन मिनिटं नऊ सेकंद. तीन मार्च दोन हजार तेरा. रूपरावजी म्हणाले, चुलीवर ठेवल्यासारखी आहे. एक मिनिट पन्नास सेकंद. विमान बाभळीत." असं बरंच. एकूण चारशे बारा हुकूम. त्यातले खरे ठरले एकशे अडतीस.

"म्हंजे अर्ध्याच्या जवळच झालं," रूपरावजी म्हणाले.

या माणसानं स्टोअर कसं सांभाळलं असेल, देव जाणे.

"एक डाव मैदानात होऊन जाऊ द्या. आमनेसामने. मंग पाहू."

तळेगावपाशी भैयाजींच्या साळ्याचं शेत हरभरा निघून रिकामं झालं होतं. तिथं गेलो. अंकिता यंत्राचा आवाज ऐकायचं बटण कानात घालून उभी राहिली. आकाशाकडे बघण्याचीही तिला गरज वाटत नव्हती. हे मला काही फार आवडलं नाही, पण ती गप्प होती, एवढा गुण मानावा लागेल. तिनं विमान सोडलं आणि उजवीकडे घिरट्या घालत ठेवलं.

रूपरावजींनी रुई उडवली, हुंगलं आणि धुऱ्याच्या बांधापलीकडे बोट दाखवलं. तुराट्यांच्या गंजीमागे सहासात घारी फिरत होत्या. "पाहा! तिथं भट्टी लागली आहे!"

त्या घारी पंख मारत होत्या. चढत्या हवेतली घार पंख मारत नाही, हे मला स्वयंपाकघराच्या खिडकीतूनही कळतं. शिवाय गंजीमागून ट्रॅक्टरची बारीक किरकिर आम्हा सगळ्यांना ऐकू येत होती. भैयाजींनी माझ्याकडे पाहून हसू दाबलं. मी घड्याळ हातात घेतलं. माझं काम वेळ लिहिण्याचं.

रूपरावजींनी आपलं विमान सोडून तिकडेच वळवलं. दोन मिनिटं चाळीस सेकंद. थोड्या वेळानं ट्रॅक्टरवाला हातात मोडका पंख आणि बाकीचं विमान घेऊन आला.

"काका, हे तुमचं पाखरू का? रोटाव्हेटरमंदी गेलं असतं ना! जमिनीतून उंदरं निघून राह्यले, घारी त्यायच्या मागं आहे."

"ट्रॅक्टर चालू होता?" रूपरावजींनी विचारलं.

ट्रॅक्टरवाल्यानं मोडका पंख त्यांच्या हातात ठेवला. अंकिताचं विमान अजून वरच होतं.

पुढच्या रविवारी रूपरावजी शब्दाला जागून, दुरुस्त केलेल्या विमानात डबडं बसवून आले. विमान सोडलं, ते छान चढू लागलं.

"वाजत नाई. खराब माल आहे."

अंकितानं बटण स्वतःच्या कानाला लावलं. "काका, जोरात वाजतंय!"

चढल्याचा बारीक आवाज त्यांना ऐकूच येत नव्हता. उतरल्याचा जाड आवाज तेवढा नीट येत होता. जन्मभर फक्त चढल्याचं ऐकून घेणाऱ्या माणसावर ही वेळ आली.

"आवाज राहू द्या," अंकिता म्हणाली. "चढलं की रिमोट थरथरेल, असं करून देते."

दुसऱ्या खेपेला रूपरावजींनी घारी दिसताच "सो" म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. मग मुकाट्यानं हातातल्या थरथरीच्या मागे विमान फिरवत राहिले. उतरल्यावर मात्र आवाज परतला.

"पाह्यलं, वैनी? माह्या हातालेच समजते हवा! लिवलं का?"

"लिहिलं."

"काय लिवलं?"

एकतीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी डायरी पुढे केली. ते ओठ हलवत वाचू लागले: दहा मिनिटं चार सेकंद. यंत्र.

"अन् उडवलं कोनं?"

प्रश्न रास्त होता. डायरी परत घेऊन मी खाली लिहिलं: रिमोट रूपरावजींच्या हातात. तेही त्यांनी वाचलं. मग खिशातली रुई काढली आणि यंत्रावरची माती पुसली.