काठी सरळ राहिली पाहिजे

बसा. चहा होऊन राहिला आहे. तोवर माझ्या हातून झालेला घोळ मीच सांगून टाकतो. नाहीतर आमची बुढी सांगेल, आणि तिच्या तोंडून ऐकलं की मी जरा जास्तच बावळट वाटतो.

मी जन्मभर लकडगंजात बर्फाच्या गोळ्याची गाडी लावली. शाळेत गेलो तो गेटापर्यंत, तेही गाडी ढकलत. पुढे गुडघ्यांनी ऐकेनासं केलं, म्हणून आता प्रताप नगरात मुलाकडे असतो. नात साक्षी नववीत आहे. माझ्या धंद्याचा तिला कधी काही उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. तिलाही नसेल.

तर फेब्रुवारी संपता संपता तिच्या शाळेत विज्ञानाचं प्रदर्शन होतं. सगळ्यांतून एकच प्रयोग जिल्ह्याला जाणार होता. पोरगी आठ दिवस नीट जेवली नाही. एक दिवस माझ्याजवळ येऊन बसली.

"आबाजी, मले दोन बर्फाचे गोळे पाहिजेत. एक मोठा, एक लहान."

मी म्हटलं, "खायले?"

"नाही जी. दाखवायले."

मग तिनं समजावलं. सूर्याच्या शेवटच्या ग्रहापलीकडे म्हणे बर्फाचे गोळे फिरत असतात. इतके लांब की तिथून सूर्य एखाद्या चांदणीसारखा दिसावा. त्यातले काही जोडीनं राहतात. लहाना मोठ्याभोवती फिरतो असं आपल्याला वाटतं, पण तसं नाही. दोघंही मधल्या एका जागेभोवती फिरतात.

मी विचारलं, "त्या मधल्या जागेत काय आहे?"

"काहीच नाही."

आता सांगा, काहीच नसलेल्या जागेला कोण फेऱ्या मारतं? मी दोन दिवस विचार केला. मग आठवलं, आमच्या चौकात पुतळा बसायच्या आधी नुसताच चबुतरा होता, आणि सगळ्या गाड्या त्या रिकाम्या चबुतऱ्याला वळसा घालून जायच्या. म्हटलं, असेल बा.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळीच ऑटोनं लकडगंजात गेलो, कारखान्यातून बर्फाची लादी घेतली, लाकडाच्या आरामशीनवाल्याकडून भुसा घेतला, आणि बर्फ किसायच्या जुन्या रंध्यावर दोन गोळे असे गुळगुळीत केले की देवघरात ठेवावेत. मोठा नारळाएवढा, लहाना मोसंबीएवढा. दोघांना एकाच पोत्यात भुशात गुंडाळलं. शाळेत येऊन पोतं उघडलं तर दोघं एकमेकांना चिकटलेले. बर्फाशेजारी बर्फ ठेवला की चिकटतो, हे मला कुणी सांगायला पाहिजे का? जन्म गेला त्यात. पण झालं खरं.

साक्षी रागावली नाही. म्हणाली, "असे चिकटलेले बी असतात तिकडे, आबाजी. पण माझे सुटे आहेत."

मी तारेनं कापून सुटे केले. त्यानंतर ती म्हणाली की तिकडचे पुष्कळसे गोळे लालसर असतात. आता लाल म्हटल्यावर मला एकच लाल माहीत. पिशवीत रंध्याबरोबर गुलाबाच्या सरबताची बाटली होती. का होती ते विचारू नका, सवय असते. दोन्ही गोळ्यांवर ओतलं. फार सुंदर दिसले.

मग बांबूच्या काठीच्या एका टोकाला मोठा टांगला, दुसऱ्या टोकाला लहाना, आणि काठी जिथं सरळ राहील तिथं दोरी बांधून मंडपाच्या बांबूला अडकवली. ती जागा मोठ्याच्या जवळ आली. हीच ती मधली जागा. साक्षीनं हळूच फिरवलं. लहाना मोठी चक्कर मारी, मोठा छोटी, आणि दोरी जागच्या जागी. माझे डोळे भरून आले, खोटं नाही सांगत.

तेवढ्यात पाहुण्यांच्या स्वागताचं गाणं म्हणायला मुलींना बोलावलं. जाता जाता साक्षी म्हणाली, "आबाजी, तुमच्या भरवशावर सोडून जाऊन राहिली. बाकी काही नाही झालं तरी चालते. फक्त काठी सरळ राहिली पाहिजे."

हे शब्द लक्षात ठेवा. मी ठेवले होते.

ऊन मंडपाच्या आत आलं. बर्फ पाझरायला लागला. दुसरीतली एक पोरगी डब्याचं झाकण घेऊन समोर उभी राहिली.

"गोला देता का?"

मी म्हटलं, "हा खायचा नाही वं माय. हा आकाशातला आहे."

तिनं वाकून पाहिलं. "मंग त्याच्यावर सरबत काहून आहे?"

म्हटलं, लहानसं लेकरू आहे, ऊन आहे, मूठभरानं आकाशाचं काय बिघडते? लहान्या गोळ्याचा मूठभर कीस काढून तिच्या झाकणात टाकला.

काठी वाकडी झाली.

आता माझी पंचाईत पाहा. काठी सरळ ठेवणं भाग होतं. लहाना उचलला गेला, म्हणजे मोठ्याचं वजन कमी करायला पाहिजे. मोठा तिप्पट वजनाचा, म्हणून मोठ्यातून तीन मुठी काढल्या. काठी सरळ झाली. पण या तीन मुठी टाकून द्यायच्या का? गोळेवाल्याच्या हातून ते होत नाही. तिच्या मागे तीन पोरं उभी होतीच. त्यांना दिल्या. ते पाहून आणखी एक आला. त्याला नाही म्हणणं बरं दिसेना, म्हणून लहान्यातून एक मूठ. की पुन्हा काठी वाकडी. की पुन्हा मोठ्यातून तीन.

म्हणजे एकाला दिलं की आणखी तिघांना देणं भागच होतं. यात माझी चूक कुठं आहे, ते मला आजही नीट दाखवता येत नाही.

रांग मंडपाबाहेर गेली. विज्ञानाच्या मॅडम येऊन विचारून गेल्या, हा प्रयोगाचाच भाग आहे का. मी म्हटलं, हो जी, काठी सरळ ठेवून राहिलो. त्यांनीही झाकण पुढे केलं. शेवटी रांगेत एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ आले, घामानं भिजलेले. म्हणाले, पाहुण्यांसाठी चांगली सोय केली तुम्ही. मोठ्याचा शेवटचा कीस त्यांना दिला. लहाना त्याच्या आधीच्या पोरानं नेला होता.

आणि काठी? एकदम सरळ. दोन्ही टोकांना काही नसलं की ती फारच सरळ राहते.

साक्षी आली. काठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या रंध्याकडे पाहिलं. ते पांढऱ्या केसांचे गृहस्थ तिथंच उभे राहून चवीनं खात होते. म्हणाले, "मी परीक्षक. बाळ, तुझा प्रयोग कुठं आहे?"

साक्षी म्हणाली, "सर, तो तुम्ही खाऊन राहिले."

सरांनी झाकणात पाहिलं. मंडपातली सगळी लाल तोंडं माझ्याकडे वळली. मला वाटलं, धरणीमाय, आता मलेही तुझ्या भुशात गुंडाळ. पोरीचा जिल्हा मी वाटून टाकला होता, झाकणाझाकणानं.

तिनं डोळे पुसले, माझ्या हातातला रंधा काढून टेबलावर ठेवला आणि माझे दोन्ही हात धरले.

"आबाजी, पाय मोकळे सोडा. मी फिरली की तुम्ही फिरा."

आणि फिरायला लागली. तुम्ही माझं शरीर पाहूनच राहिले, आणि पोरगी काडीसारखी. ती घेर घेऊन पळत होती, मी पायातल्या पायात सरकत होतो. टोपी उडाली. फिरता फिरताच ती सरांना सांगत होती, की पाहा सर, आम्ही कोणीच एकमेकांभोवती नाही फिरून राहिलो, दोघंही मधल्या एका जागेभोवती फिरतो.

सर म्हणाले, "ती जागा कुठं आहे?"

"आबाजींच्या पोटापाशी. जड वस्तूच्या जवळ असते."

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण मला मंडप फिरताना दिसत होता.

तर साक्षीचा प्रयोग जिल्ह्याला निवडला गेला. सरांनी एकच अट घातली, की तिथं बर्फ आणायचा नाही. शाळेनं साहित्याचा कागद भरून पाठवला, तो साक्षीनं घरी वाचून दाखवला: काठी, दोरी, आजोबा. दोरीच्या नंतर लागला माझा नंबर.

आता आम्ही रोज संध्याकाळी गच्चीवर सराव करतो. काल साक्षी आजीला समजावत होती, की पाहा आजी, जड असते ना, ते जागचं फारसं हालत नाही. जे हलकं असते, सारी धावपळ त्याचीच होते.

बुढी निसलेली मेथी घेऊन उठली. म्हणाली, "यासाठी आकाशात काहून पाहा लागते वं? आमच्यात लग्न झाल्यापासून तेच चालू आहे."

ही पाहा, चहा घेऊन आली. मी उठणारच होतो.