निवांत नगरीतला मोठा आवाज

कौसल्येला हळू बोलता येत नव्हतं. त्यात तिचा काही दोष नव्हता. शेलार गावची ही पोर लग्न होऊन भिवंडीत निजामपुऱ्याच्या गल्लीत आली ती थेट कापडाच्या पॉवरलूमच्या शेजारी. भिंतीपलीकडे लूम खडखडायचे आणि अलीकडे ही बसून कांड्या भरायची, म्हणजे कापडाच्या आडव्या धाग्याचं सूत मशीनवर गुंडाळून द्यायची. तिथं ‘चहा टाकू का’ एवढं विचारायचं तरी भांडण काढल्यासारखं ओरडावं लागे. नाहीतर मग समोरच्याच्या ओठांवरून ओळखायचं. गल्लीतल्या बायका समोरासमोरच्या खिडक्यांतून, तोंडातून आवाज न काढता, आपापल्या सासवांची उणीदुणी काढायच्या. सासू तिथंच पाठमोरी भाजी निवडत बसलेली असायची.

नवरा कोंडू महापालिकेत पाणीखात्यात होता. तो गेला, गल्लीतली खोली विकली आणि कौसल्या मुलाकडे, कल्याण रोडच्या फ्लॅटमध्ये आली. मुलगा सुमित मानकोलीच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर. सून मनाली घरूनच लॅपटॉपवर काम करायची. मुलगा गुणी, सून समजूतदार. अडचण एवढीच होती की घर त्यांचं होतं, आणि त्या घरात आवाज चालत नव्हता. मनालीची मीटिंग सुरू झाली की कौसल्येला खोकलासुद्धा गिळावा लागे. एकदा विसरून तिनं गॅलरीतून भाजीवाल्याला हाळी दिली, “ए बाबाऽ, भेंडी कवली हाय का?” तर लॅपटॉपमधल्या पुण्याच्या साहेबांनीच विचारलं, “कितीला दिली?” सगळे हसले. मनालीही हसली, पण तिचे कान लाल झाले होते. ते कौसल्येनं पाहिलं.

मग मानकोलीच्या अलीकडे तो बोर्ड लागला. ‘निवांत नगरी : पंचावन्नच्या पुढच्यांची वसाहत.’ कौसल्येनं सुमितला गाडी आत वळवायला लावली. आत बैठी घरं होती, चालायला गोल रस्ता होता, शनिवारी हाऊजी होती, डॉक्टर हाकेच्या अंतरावर. पण तिचं मन बसलं ते स्वयंपाकाच्या ओट्यावर. कौसल्या बुटकी. आयुष्यभर ती टाचा उंच करून भाकऱ्या थापत आली. हा ओटा बरोबर तिच्या कमरेला लागत होता. तिनं त्याच्यावरून हात फिरवला आणि तिथंच म्हणाली, “मी हितं ऱ्हानार.”

घरी आल्यावर सुमितनं गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. मग म्हणाला, “आई, लोक म्हणतील सुमितनं आईला आश्रमात ठेवलं.”

“ठेवायला मी काय लोनच्याची बरनी हाय? मी माज्या पायानं ऱ्हायाला चाललेय.”

“पण आमचं काही चुकलं का?”

“काय बी न्हाय चुकलं, बाला. पर बापाच्या घरातनं मी तुज्या बापाच्या घरात आले, तितनं तुज्या. कौसल्ये, तुला कुठलं घर पायजे, असं मला कोनी इचारलंच न्हाय. एक डाव मला निवडू दे.”

कोंडूची पेन्शन होती, खोलीचे पैसे तिच्याच नावावर होते, म्हणजे पैशाच्या बाजूनंही सुमितला तिला अडवता येईना.

अडचण होती ती निवांत नगरीच्या नियमाची. आधी काही दिवस पाहुणी म्हणून राहायचं. मग राहणाऱ्यांचं मंडळ बसणार, आणि दोन्हीकडून ‘हो’ आलं तरच घर मिळणार. मंडळानं नाही म्हटलं की पुन्हा सुमितच्या हॉलमधला सोफा. बॅग भरताना मनालीनं मायेनंच सांगितलं, “आई, तिकडे जरा हळू बोला हं. शिकलेले लोक असतात.”

कौसल्येनं ते मनावर घेतलं. इतकं, की निवांत नगरीत पाऊल टाकल्यापासून ती कुजबुजायला लागली.

पहिल्याच सकाळी चहाला सुनीतीताई शेजारी येऊन बसल्या. निवृत्त शिक्षिका, पांढरेशुभ्र केस, कॉटनची साडी. “कुठल्या तुम्ही?” त्यांनी विचारलं.

“निजामपुऱ्याची,” कौसल्या ओठातल्या ओठात म्हणाली.

“हो का? छान, छान,” म्हणून सुनीतीताई कप घेऊन उठल्या.

संध्याकाळी माधवराव भेटले. कोर्टात हेडक्लार्क होते, आता शनिवारी हाऊजीचे नंबर पुकारायचे. “कॅरम खेळता का?” त्यांनी विचारलं. कौसल्या हळूच म्हणाली, “शिकवलंत तर खेलीन.” माधवरावांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, “बरं, राहू दे, सक्ती नाही,” म्हणाले आणि निघून गेले.

असंच चाललं. लोक यायचे, हसायचे, मान डोलवायचे आणि जायचे. कौसल्या चालायला निघाली की पुढे घोळका, मागे घोळका आणि मधे ही एकटी. रात्री ती त्या सुंदर ओट्यापाशी उभी राही आणि मनात म्हणे, ‘मास्तर-कारकुनांची घरं ही. कांडीवाली बाई कशाला पायजे यांना?’ सुमितचा फोन आला की तेवढ्यापुरतं “मजेत हाय” म्हणे. निदान फोनवर तरी आवाज मोकळा सुटायचा, तेही खिडक्या लावून.

शनिवार आला. दुसऱ्या दिवशी मंडळ बसणार होतं. हॉल भरायला लागला होता आणि कौसल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत तिकीट घेऊन बसली होती. हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला सुनीतीताई माधवरावांशी बोलत होत्या. आवाज काही इथवर येत नव्हता. पण ज्या बाईनं उभ्या गल्लीच्या गोष्टी ओठांवरून वाचल्या, तिला हा हॉल तो केवढासा?

सुनीतीताईंचे ओठ म्हणत होते, “नव्या बाई जरा ताठ वाटतात, नाही? काही विचारा, उत्तरच नाही. नुसते ओठ हलवतात.”

माधवरावांचे म्हणाले, “मला वाटलं माझंच मशीन बिघडलं,” आणि त्यांनी कानामागे बोट लावलं.

कौसल्येनं हॉलभर नजर फिरवली. या कानामागे एक मशीन, त्या कानामागे एक मशीन. कुणाचा तळवा कानाशी, कुणाची मान पुढं काढलेली. अगं बाई! इथल्या अर्ध्या लोकांना ऐकायलाच येत नव्हतं, आणि ही शहाणी इतके दिवस त्यांच्याशी कुजबुजत होती! यांना आपण नको, असं तिला वाटत होतं, आणि आपण हिला नको, असं त्यांना. तिला हसू फुटलं ते पदरात दाबावं लागलं.

हाऊजी सुरू झाली आणि नेमकी लाइट गेली. भिवंडीच्या लाइटला कुठं वेळकाळ असतो? माइक बंद पडला. माधवराव घसा ताणून ओरडू लागले, “सव्वीस!” पहिल्या रांगेतून विचारणा, “छत्तीस?” मागून, “काय, बासष्ट?” एक आजोबा म्हणाले, “माझी ओळ झाली,” आणि त्यांच्या तिकिटावर तीनच खुणा होत्या. लोक कंटाळून उठायला लागले.

कौसल्येला मनालीचं बोलणं आठवलं. उद्याचं मंडळही आठवलं. ती उठली, सरळ पुढं गेली आणि माधवरावांच्या हातातला आकडा बघून तिनं छाती भरून श्वास घेतला.

“सव्वीऽऽस! बसा समदी खाली!”

बाहेरच्या झाडावरचे कावळे उडाले. उठलेले लोक मटकन खाली बसले.

“अकरा! दोन काठ्या, म्हातारा-म्हातारीच्या! साठ! निरोप समारंभ, नारळ आन् शाल! अठ्ठ्यान्नव न्हाय, माधवराव, चष्मा लावा, एकोननव्वद हाय!”

हॉल खदखदून हसला. मागच्या रांगेतल्या एका आजींनी कानातलं मशीन काढून पर्समध्ये टाकलं आणि शेजारणीला म्हणाल्या, “आता काय काम त्याचं?” लाइट परत आली तेव्हा माधवराव माइक सरसावून पुढे झाले, तर सगळे एका सुरात ओरडले, “माइक नको! बाईच पुकारू दे!”

खेळ संपल्यावर सुनीतीताई तिच्याजवळ आल्या. “अहो, तुम्हाला बोलता येतं तर! आम्हाला वाटलं, आमच्याशी बोलायचंच नाहीये.”

“मला सांगितलं व्हतं, हलू बोला म्हनून.”

“कुणी सांगितलं हो? इथे हळू बोलणाऱ्याला उपाशी राहावं लागेल!”

दुसऱ्या दिवशी मंडळ बसलं, पण नावालाच. माधवराव म्हणाले, “विचारायचं काय त्यात? यांना हो म्हणायचं, आणि यांनी आम्हाला हो म्हणावं अशी विनंती करायची.” टाळ्या वाजल्या. कौसल्या म्हणाली, “माजं पैल्या दिसापासनं हो हाय.” हे मात्र शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.

सुमित-मनाली आले ते तिला परत न्यायच्या तयारीनं, गाडीची डिकी रिकामी करून. मॅनेजर अपूर्वा दोन चाव्या घेऊन उभी होती. एक बागेकडच्या घराची, एक हायवेकडच्या. “आजी, बागेकडचं घ्या,” ती म्हणाली. “तिथे अगदी शांतता आहे. हायवेकडे रात्रभर ट्रक चालतात.”

“मंग हायवेचंच दे,” कौसल्या म्हणाली. “शांततेत मला झोप लागत न्हाय. आठ दिस टक्क जागी हाय मी.”

मनालीनं सासूचा हात धरला. “आई, मी उगाच म्हटलं तुम्हाला...”

“तू चांगलंच सांगितलं व्हतंस. लोकच येगले निघाले.”

दार उघडून ती एकटीच आत गेली. ओट्यावर पिशवी ठेवली, खिडकी उघडली. गोडाऊनकडे जाणाऱ्या ट्रकांची घरघर आत आली. सुमित बॅग घेऊन मागोमाग उंबरा ओलांडणार, तेवढ्यात तिनं हात आडवा केला.

“थांब. भायेर जा.”

“का गं?”

“बेल वाजव.”

सुमित बाहेर गेला. तिनं दार लावून घेतलं. बेल वाजली. कौसल्येनं पदर सारखा केला, थोडा वेळ त्याला मुद्दाम ताटकळत ठेवलं आणि मग आतूनच, साऱ्या ओळीला ऐकू जाईल असं विचारलं,

“कोन हायऽऽ?”